आज्याचा पूर

माळरानातल्या एका गावात दोर वळणारी एक बाई राहत होती. तिचं नाव रिबका. घायपाताची पानं ठेचून ती वाख काढायची, वाखाला पीळ द्यायची आणि त्याचे कासरे, दावी, शिंकी करून बाजारात विकायची. नवरा मागेच वारला होता. सलोमी नावाची एकुलती एक लेक होती. ती पलीकडच्या गावात दिली होती.

गावाच्या कडेला ख्रिस्ती लोकांची वस्ती होती आणि वस्तीच्या मधोमध दगडी भिंतींचं छोटंसं चर्च होतं. पीक घरात आलं की तिथं हंगामाचा सण व्हायचा. कुणी कणसं आणायचं, कुणी भोपळा, कुणी टोपलीभर अंडी. ते सगळं देवापुढं ठेवलं की एकेक जण उभा राहून साक्ष द्यायचा. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं, ते चारचौघांत सांगणं. एखादा म्हणायचा, माझी दारू सुटली. एखादी म्हणायची, माझं आणि जावेचं भांडण मिटलं. मग जाऊ मागच्या बाकावरून म्हणायची, "अजून पुरतं मिटलं न्हाई!" आणि सगळे हसायचे.

पण लोक खरी वाट बघायचे ती रिबकाबाईची. रिबकाबाई आपल्या आज्याचा पूर सांगायची.

तिचा आजा डोक्यावर दोरांचं ओझं घेऊन नदी ओलांडत होता. मध्यावर असताना वरून लोंढा आला. आज्याला पोहता येत नव्हतं. बाजारात एका उपदेशकाच्या तोंडून त्यानं एकदा येशूचं नाव ऐकलं होतं. बुडता बुडता ते नाव त्याला आठवलं. तो ओरडला, "येशू, तू कोण आहेस मला ठाऊक न्हाई, पर मला धर!" आणि त्याचा हात एका करंजाच्या मुळीला लागला. आजा वाचला. धरणारा तो कोण होता, हे जाणून घेण्यात त्यानं उरलेला जन्म घालवला. वस्तीतला तो पहिला ख्रिस्ती.

रिबकाबाई हे फार रंगवून सांगायची. पाण्याचा आवाज काढायची. मुलं बाकं बडवून तिला साथ द्यायची. दरवर्षी पूर थोडा थोडा चढायचा. वस्तीतले म्हातारे याकोबदादा म्हणायचे, "रिबका, गेल्या साली पाणी आज्याच्या छातीला हुतं. औंदा करंज बुडाला. पुढल्या साली चर्चमधी शिरंल बघ!"

तिला हसू यायचं. आपल्या घराण्याला देव भेटला आहे, याचा तिला अभिमान होता. तिच्या घरी कुणी आजारी पडलं की ती पूर सांगायची. नवरा वारला तेव्हा भेटायला आलेल्या माणसांनाही तिनं पूरच सांगितला. माणसं म्हणाली, काय बाईचा विश्वास!

एके वर्षी सलोमी बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. थोडेच दिवस जगला आणि गेला.

सलोमी रडली नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. भाकरीचा तुकडा मोडायची आणि तसाच ठेवायची. जावई भला माणूस होता. तो येऊन उशाशी बसायचा आणि दोन शब्दही न ऐकता परत जायचा. सुईण रिबकाबाईला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरीला रडू येऊ द्या. अशीच राहिली तर आतल्या आत वाळून जाईल."

रिबकाबाई लेकीजवळ बसली. दुसरं काय बोलावं ते सुचेना, म्हणून तिनं पूर सांगायला सुरुवात केली. लोंढा आला, आजा बुडू लागला, इथपर्यंत ती आली असेल तोच सलोमीनं तोंड वळवलं.

"आये," ती म्हणाली, "आज्याला धरलं त्यानं. ते मी लहानपणापासून ऐकतेय. तुला कधी धरलं?"

रिबकाबाई लेकीचं पांघरूण सारखं करू लागली.

"बाबा गेले तेव्हा तुला काय झालं? तेव्हा तो कुठं होता? तू सगळ्यांना पूरच सांगितलास. तुझं सांग की एखादं. लहान असलं तरी चालेल."

रिबकाबाईनं आठवून पाहिलं. पुष्कळ आठवलं. गाणी आठवली, सण आठवले, पाठ केलेल्या प्रार्थना आठवल्या. पण जे सलोमी मागत होती, ते सापडेना.

सलोमीनं पुन्हा भिंतीकडं तोंड केलं. "मग मला पण नको तो," ती म्हणाली.

त्या दिवशी रिबकाबाईनं वाखाला हात लावला नाही. लेकीचा प्रश्न तिच्या डोक्यात घोळत राहिला. आधी तो टोचला. मग मात्र तिला नवलच वाटायला लागलं. आपण इतकी वर्षं देवाच्या त्या घरात जातो, आणि घरधन्याशी आपली ओळख आहे की नाही, हे आपल्यालाच माहीत नाही! मग बाकीच्यांची ओळख झाली तरी कशी? कुठं?

ती चर्चच्या पाळकसाहेबांकडं गेली. सलाम करून थेट म्हणाली, "साहेब, तुम्हाला देव कुठं भेटला?"

पाळकसाहेब कोंबड्यांना दाणे टाकत होते. त्यांचा हात तसाच राहिला. "बाई, हे मी लोकांना विचारतो. मला आजवर कुणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. मग जरा लाजून त्यांनी सांगितलं. ते पाळक होण्याचं शिक्षण घेत होते, तेव्हा एका सोबत्याचा त्यांना फार राग होता. एक दिवस दोघांची ताटं घासायची पाळी एकत्र आली. ताट घासता घासता त्यांना एकाएकी वाटलं, येशूनं आपल्याला क्षमा केली ती आपण गुणी म्हणून नव्हे. ताट हातात तसंच राहिलं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"ताट घासताना?" रिबकाबाईनं विचारलं.

"पितळी होतं," पाळकसाहेब म्हणाले.

रिबकाबाई घरी आली. तिनं पितळी ताट काढलं आणि चिंच लावून बराच वेळ घासलं. ताट लख्ख झालं. दुसरं काही झालं नाही.

मग ती याकोबदादांकडं गेली. याकोबदादा म्हणाले, "मला? मी तर त्याच्याशी भांडत हुतो. माझा बैल मेला तवा. लिंबाखाली उभा राहून मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. बोलून बोलून दमलो. मग म्हणलं, आरं, एवढं ऐकून घेणारा कोण हाय ह्यो? माझ्या बापानं सुदीक एवढं ऐकलं नसतं."

रिबकाबाई त्याच लिंबाखाली जाऊन उभी राहिली. पण तिला कशाचा राग आणावा ते कळेना. अंगावर मुंगळे चढले, म्हणून ती परत आली.

मग तिला वाटलं, दुसऱ्यांच्या जागा आपल्याला कशा लागू पडतील? आपल्या घराण्याची जागा तर नदीच्या काठी आहे. आज्याला जिथं भेटला, तिथं आपल्यालाही भेटेल.

तिनं शेजारणीला सलोमीपाशी बसवलं आणि ती नदीला गेली. पोहोचायला दुपार झाली. नदी आटलेली होती. आज्याला वाहून नेणारं पाणी आता पोटरीला लागेल एवढंच होतं. करंज कोणता, तेही कळत नव्हतं. काठाला पाच-सहा करंज होते. रिबकाबाई त्यांतल्या सगळ्यात जुन्या दिसणाऱ्या झाडाखाली बसली. हात जोडले, डोळे मिटले आणि वाट पाहू लागली. बगळे उडाले. वारा आला. दुसरं कुणी आलं नाही.

तेवढ्यात वरच्या अंगानं हाका ऐकू आल्या. "ए चंद्रेऽऽ! चंद्रेऽऽ! कुठं उलथलीस गं!" एक धनगरीण काठी आपटत येत होती. तिची शेळी चुकली होती. रिबकाबाईला पाहून ती थांबली.

"बाई, काळी शेळी दिसली का? एका पायानं लंगडती."

"नाही बाई."

"आन् तुमी काय करताय इथं?"

रिबकाबाईला खोटं बोलता येईना. "मी पण शोधतेय," ती म्हणाली.

"काय शोधताय?"

"देव."

धनगरणीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ती हसली नाही. तिनं काठी बगलेत धरली आणि आपल्या कामाची चौकशी करावी तशी चौकशी केली.

"इथं दिसला हुता का?"

"माझ्या आज्याला. पूर आला होता तेव्हा."

"मग आज्यानं काय केलं?"

"हाक मारली."

"आन् तुमी?"

रिबकाबाईनं आपल्या जोडलेल्या हातांकडं पाहिलं.

"बसून शोधताय व्हय?" धनगरीण म्हणाली. "बाई, मी सकाळधरनं वरडून वरडून घसा बसवलाय." एवढं बोलून ती पुढं निघाली. "चंद्रेऽऽ!" तिची हाक वळणापलीकडं गेली. थोड्या वेळानं तिकडून शेळीचं बारीकसं ओरडणं ऐकू आलं, आणि मग धनगरणीचं शिव्या देत लाडावणं.

रिबकाबाई उठली आणि घरची वाट चालू लागली. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. वाटेवर कुणी नव्हतं. ती चालता चालता विचार करत होती. हाक मारायची म्हणजे काय म्हणायचं? पूर नाही, पाणी नाही, मी काही बुडत नाही. आज्याला जीव हवा होता. मला काय हवं आहे?

आणि मग तिला ते लहानसं तोंड आठवलं. ज्याला नाव ठेवायचं राहून गेलं, ते. सलोमीपुढं रडायचं नाही म्हणून तिनं ते आठवायचंच टाळलं होतं.

ती वाटेतच थांबली. "प्रभू येशू," ती मोठ्यानं म्हणाली, "मी रिबका."

आज्याचं नाव सांगायचं ती पहिल्यांदाच विसरली होती.

"माझं नातवंड गेलं," ती म्हणाली. "पोर माझी वाळत चाललीय. मला काही येत नाही. तुझ्याविषयी इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले आणि तुझ्याशी बोलले नाही. बाळ गेलं तेव्हा तू कुठं होतास? मालक गेले तेव्हा कुठं होतास? तू खरा असशील तर मला धर. मी पण बुडतेय. मला वाटलं होतं मी काठावर उभी आहे."

एवढं म्हणून ती बांधावर बसली आणि रडली. नवऱ्यासाठी रडायचं राहिलं होतं, तेही रडली.

आभाळातून आवाज आला नाही. उजेड पडला नाही. पण आपल्या घरात कुणी येऊन बसलं असेल तर पाठ वळलेली असतानाही ते कळतं ना? तसं तिला कळलं. येशूच्या आईनं आपल्या लेकराला क्रुसावर मरताना पाहिलं, हे तिनं किती वेळा ऐकलं होतं! येशू स्वतः मित्राच्या कबरेपाशी रडला, हेही ऐकलं होतं. ते सारं ती जगाची गोष्ट म्हणून ऐकत आली होती. आज पहिल्यांदा ते तिला, रिबकेला, सांगितलं जात होतं. रडणाऱ्याशेजारी बसायला तो नवखा नव्हता.

ती उठली तेव्हा दुःख तेवढंच होतं. पण ते आता एकटीला उचलायचं नव्हतं.

घरी येऊन तिनं सलोमीला काही सांगितलं नाही. सांगायची लाज वाटली. ती नुसती लेकीजवळ बसली आणि तिच्या केसांना तेल लावत राहिली. पूर सांगितला नाही. सलोमीला जरा नवल वाटलं.

लवकरच हंगामाचा सण आला. त्या वर्षी आसपासच्या गावांतूनही माणसं आली होती. रिबकाबाईची साक्ष ऐकायला म्हणून एक मोठे पाळकसाहेब दुरून आले होते. त्यांना हातांची खुर्ची दिली होती. मुलं बाकं बडवायला तयार होती. सलोमीही आली. वस्तीतल्या बायकांनी तिला बळंच आणलं होतं. ती दाराजवळ, निघून जाता येईल अशी, बसली.

रिबकाबाईचं नाव पुकारलं गेलं. ती उभी राहिली. सगळ्यांचे डोळे तिच्याकडं लागले. 'माझा आजा डोक्यावर ओझं घेऊन नदी ओलांडत होता,' हे वाक्य तिच्या ओठांवर आलंच होतं. ते किती सोपं होतं! ते बोललं की लोक डोलणार होते, मोठे पाळकसाहेब मान हलवणार होते. आणि स्वतःचं सांगायचं म्हटलं, तर सांगण्यासारखं होतंच काय? ज्वारीचं रान, आणि रडणारी एक बाई.

तिनं दाराकडं पाहिलं. सलोमी तिच्याकडंच बघत होती.

"माझ्या आज्याला देवानं पुरात धरलं, ते खरं आहे," रिबकाबाई म्हणाली. "पण ती आज्याची साक्ष आहे. माझी इतके दिवस नव्हती. काही दिवसांमागं नदीकडून येताना मी पहिल्यांदा माझ्या तोंडानं येशूला हाक मारली. चिडून मारली. माझं नातवंड का नेलंस, म्हणून विचारलं. त्यानं उत्तर दिलं नाही. पण तो माझ्याजवळ होता. आता मी रोज त्याच्याशी बोलते. मला एवढंच सांगायचं आहे."

ती खाली बसली.

चर्चमध्ये कुजबुज झाली. मुलांचे हात बाकांवर तसेच राहिले. लांबून आलेली एक बाई जवळचीला म्हणाली, "एवढ्याचसाठी चालत आलो होय गं?" मोठ्या पाळकसाहेबांनी रुमाल काढून चष्मा पुसला. पण ते भारावले होते की कंटाळले होते, ते कुणाला समजलं नाही.

याकोबदादांना राहवेना. "आगं रिबका, पूर कुठं गेला?"

"ओसरला, दादा," रिबकाबाई म्हणाली.

घरी जाताना सलोमी आईबरोबर चालत होती. ती म्हणाली, "आये, तो तुझ्याजवळ होता, हे कशावरून?"

"कशावरून ते मला दाखवता येत नाही गं."

"मग?"

"सासरी पहिल्यांदा गेलीस, तेव्हा आपलं माणूस कोणतं ते तुला कसं कळलं? मी सांगितलं होतं का?"

सलोमीनं विचार केला. "तू चिडून बोललीस, तर त्याला राग नाही आला?"

"आला असता तर मी आज बोलले असते का?"

घर आलं. ऊन कलतीला लागलं होतं. सलोमी उंबऱ्यातच थांबली. "आये, तू माझ्यासाठी कर प्रार्थना. तुला जमते आता. मला नाही जमायची."

रिबकाबाईला वाटलं, लेकीला पोटाशी धरावं आणि म्हणावं, करते गं, तुझं सगळं मीच त्याला सांगते. लेकीसाठी आईनं काय नाही केलं असतं! पण तिनं स्वतःला आवरलं.

"तुझ्यासाठी मी रोज करते," ती म्हणाली. "पण तुझी हाक मला मारता येत नाही. माझी तरी आज्याला कुठं मारता आली?"

"काय बोलू?"

"जे असेल ते. माझ्यासमोर नको. मी बाहेर बसते."

सलोमी आत गेली. रिबकाबाईनं दार ओढून घेतलं आणि ती ओट्यावर बसली. थोड्या वेळानं आतून सलोमीचा आवाज आला. आधी हळू, मग चढलेला, भांडल्यासारखा. मग शब्द तुटले, आणि बाळ गेल्यापासून कधी आलं नव्हतं ते रडू आलं. मोठ्यानं, लहान मुलासारखं.

रिबकाबाईचे डोळे भरून आले. लेक त्याला काय सांगते आहे आणि तो तिला काय सांगतो आहे, हे जाणून घ्यायची तिला फार उत्सुकता होती. दार तर हाताशीच होतं. कान लावला असता तर सगळं ऐकू आलं असतं.

पण ती उठली, आणि काही ऐकू येणार नाही इतक्या लांब, शेजारणीच्या अंगणात जाऊन बसली.

तात्पर्य: वाडवडिलांचा विश्वास आपल्याला दारापर्यंत आणून सोडतो, प्रभूची ओळख आणि त्याची शांती मात्र ज्यानं त्यानं स्वतः हाक मारूनच मिळवायची असते.